एक्सायटॉन : उन्हातून जन्मणारी क्षणभंगुर जोडी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

अर्धापूरची केळी आणि अर्धापूरची हळद ही आपल्या परिसराची ओळख आहे. केळीचे रुंद पान दिवसभर उन्हात उभे असते, आणि त्या उन्हातून झाड आपले अन्न तयार करते, एवढे आपण सर्वजण शाळेत शिकलो आहोत. परंतु पानावर प्रकाश पडणे आणि पानात साखर तयार होणे, या दोन घटनांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट जन्माला येते. तिचे आयुष्य इतके अल्प असते की डोळ्याची पापणी लवेपर्यंत अशा कोट्यवधी पिढ्या होऊन जातात. शास्त्रज्ञ तिला 'एक्सायटॉन' म्हणतात. पान या अल्पायुषी पाहुण्याला वाया जाऊ देत नाही. माणसाने बनविलेल्या पदार्थांत मात्र तो बहुतेक वेळा वायाच जातो. त्याला ताब्यात कसे ठेवावे, हा आजच्या रसायनशास्त्रातील एक मोठा प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात घडला आहे.

कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, ऊन हे काही केवळ विज्ञान शाखेच्या वाट्याला आलेले नाही. शिवाय २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना मिळाले, ते सच्छिद्र पदार्थांच्या संशोधनासाठीच. यांपैकी याघी यांचा जन्म जॉर्डनमधील अम्मान शहरात एका पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात झाला. आईवडिलांना जेमतेम लिहितावाचता येत असे, आणि घरात पाण्याचा नळ नव्हता. हे वाचल्यावर हा विषय मला परका वाटेनासा झाला.

जोडी कशी जन्मते

कोणत्याही पदार्थाच्या रेणूत इलेक्ट्रॉन आपापल्या ठरलेल्या जागी असतात. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, रेणूवर आदळला आणि त्याची ऊर्जा नेमकी जुळली, तर एक इलेक्ट्रॉन खालच्या जागेवरून उठून वरच्या जागी जातो. खालची जागा रिकामी होते. इलेक्ट्रॉन ऋण भाराचा असल्याने ती रिकामी जागा धन भारासारखी वागते. शास्त्रात तिला 'होल' म्हणतात.

एसटीत रुमाल टाकून जागा धरण्याची आपली पद्धत आहे. प्रवासी खाली उतरला तरी त्याचे सारे लक्ष त्या रुमालाकडे असते. इलेक्ट्रॉनचेही तसेच होते. तो वर गेला तरी त्याने सोडलेली जागा त्याला ओढत असते, कारण धन आणि ऋण भार परस्परांना आकर्षून घेतात. असा एकमेकांशी बांधलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, या जोडीलाच एक्सायटॉन म्हणतात. ही कल्पना १९३१ साली याकोव्ह फ्रेंकेल या रशियन पदार्थवैज्ञानिकाने मांडली. घन पदार्थात प्रकाशाचे उष्णतेत रूपांतर कसे होते, या प्रश्नाचा विचार करताना त्याला ती सुचली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ही जोडी एका रेणूवरच बसून राहत नाही. विहिरीच्या खोदकामावर मातीचे घमेले जसे हातोहात पुढे जाते, माणसे मात्र जागच्या जागी उभी असतात, तशी ही उत्तेजित अवस्था एका रेणूकडून शेजारच्या रेणूकडे जाते. शेवटी तिचे काय होते? पुष्कळदा काहीच होत नाही. इलेक्ट्रॉन आपल्या जागी परत येऊन बसतो, आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या किंवा मंद प्रकाशाच्या रूपाने निघून जाते. कधी उत्तेजित रेणू स्वतःच मोडतो. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, तो यामुळेच. हळदीतील कुरक्युमिन प्रकाश शोषून घेते आणि त्यात त्याचाच रेणू मोडून रंग नाहीसा होतो.

प्रकाश-उत्प्रेरण म्हणजे या ऊर्जेला तिसरी वाट दाखविणे होय. इलेक्ट्रॉन परत बसण्यापूर्वी, किंवा रेणू मोडण्यापूर्वी, ती ऊर्जा दुसऱ्या एखाद्या उपयोगी रासायनिक क्रियेच्या हाती सोपवायची. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही. तो केवळ क्रिया घडवून आणतो.

सिलिकॉनमध्ये सुटते, कार्बनमध्ये का सुटत नाही?

या क्षेत्राची सुरुवात बहुतेक जण १९७२ सालापासून मोजतात. त्या वर्षी जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे विघटन करता येते, हे प्रसिद्ध केले. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच. अडचण एवढीच की ते फक्त अतिनील किरण शोषते, आणि सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. उरलेला दिसणारा प्रकाश त्याच्या काही कामाचा नाही.

म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष कार्बनी पदार्थांकडे वळले. (आपल्याकडे सेंद्रिय म्हटले की शेणखत आठवते, म्हणून मी येथे 'कार्बनी' हा शब्द वापरते.) कार्बनच्या रेणूंची रचना आपल्या इच्छेप्रमाणे बदलता येते, त्यामुळे कोणता रंग शोषायचा हेही ठरविता येते. हळद पिवळी, मंजिष्ठा तांबडी, नीळ निळी, ही सारी कार्बनी रेणूंचीच करामत आहे.

परंतु येथे एक नवी अडचण उभी राहते. माळेगावच्या जत्रेत गेलेल्यांना अनुभव असेल की, गर्दीत धरलेला हात सहज सुटतो. माणसे मध्ये येतात, आणि सोबती कुठल्या बाजूला गेला हे कळत नाही. मोकळ्या रानात मात्र दोघांची चुकामूक होणे कठीण. सिलिकॉनसारख्या पदार्थात इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांच्यामध्ये इतर भारांची अशी गर्दी असते की त्यांचे परस्परांतील आकर्षण झाकले जाते. तेथे जोडी बांधून ठेवणारी ऊर्जा सुमारे ०.०१५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढीच असते, आणि खोलीच्या तापमानाला उष्णतेचा धक्काच सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. म्हणजे साध्या उबेनेसुद्धा जोडी सुटते. कार्बनी पदार्थ हे मोकळ्या रानासारखे आहेत. तेथे ही बंधन-ऊर्जा अनेकदा ०.३ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असते, म्हणजे उष्णतेच्या धक्क्याच्या दहा-वीस पट. जोडी आपण होऊन सुटत नाही.

त्यात भर म्हणजे तिचे आयुष्य. साधारणतः सेकंदाचा अब्जावा भाग किंवा त्याच्या आसपासचा काळ एवढेच तिला मिळते. तेवढ्या काळात ती सुमारे १० नॅनोमीटर अंतर जाऊ शकते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोक्याचा एक केस हजारो नॅनोमीटर जाड असतो. थोडक्यात, केसाच्या जाडीइतक्या तुकड्याच्या मध्यभागी जन्मलेली जोडी पृष्ठभागापर्यंत, म्हणजे जेथे पाणी आहे आणि जेथे काम आहे तेथपर्यंत, कधीच पोहोचत नाही. ती वाटेतच विझते.

माझे वडील हळद वाळवताना एकदा म्हणाले होते, "ऊन फुकट हाय, पण ते धरून ठिवायला भांडं कुठंय?" पुस्तकातील आकडे वाचताना मला वाटले, शास्त्रज्ञांचाही प्रश्न नेमका हाच आहे.

छिद्रांचे जाळे

यावर तोड काय? जोडीला दूर चालवत नाही, तर काम तिच्या जवळ आणावे. पदार्थ आतूनच इतका पोकळ करावा की त्यातील प्रत्येक रेणू पृष्ठभागावरच आहे असे म्हणता येईल. मग जोडी कोठेही जन्मली तरी दोन-चार पावलांवर छिद्र असेल आणि छिद्रात पाणी असेल.

असे पदार्थ मधाच्या पोळ्यासारखे दिसतात. तीन हात असलेला एक रेणू आणि दोन हात असलेला दुसरा रेणू घेतला, आणि हातात हात गुंफत गेले, तर षट्कोनी घरे तयार होतात. अशा घरांचे पातळ पापुद्रे एकावर एक बसतात आणि त्यांतून आरपार नळ्या तयार होतात. अणू परस्परांशी सहसंयुजी बंधांनी बांधलेले असल्याने यांना 'सहसंयुजी कार्बनी जाळी' म्हणता येईल. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'सीओएफ' म्हणतात. पहिली अशी जाळी याघी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. पण तिच्यात मोठा दोष होता. पाणी लागले की ती विरघळल्यासारखी मोडत असे. ज्या पदार्थाने पाण्यात राहून काम करायचे, तोच पाण्याला भिणारा निघाला!

पुण्यातील प्रयोग

येथे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संबंध येतो. १९५० साली सुरू झालेली ही संस्था पाषाण रस्त्यावर आहे. तेथे काम करीत असताना डॉ. राहुल बॅनर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१२ साली एक नवी जाळी प्रसिद्ध केली. बॅनर्जी यांनी पूर्वी याघी यांच्या प्रयोगशाळेत काम केले होते. पुढे ते कोलकात्याच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत गेले, आणि २०१८ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

त्यांची युक्ती शिवणकाम करणाऱ्या कोणालाही समजेल. चांगली शिंपीण कापडाला आधी कच्चा दोरा घालते. तिरके झाले तर उसवते आणि पुन्हा घालते. सारे नीट जमले की मग पक्की शिवण मारते. या जाळ्यातही आधी जुळणारे बंध कच्चे असतात. चुकीच्या जागी जुळले तर सुटतात आणि बरोबर जागी पुन्हा जुळतात, त्यामुळे षट्कोन सुबक होतात. नंतर त्याच रेणूत अणूंची अशी एक हालचाल होते की बंध कायमचे पक्के होतात, पुन्हा उसवत नाहीत. अशा रीतीने तयार झालेले 'टीपीपीए-१' हे जाळे उकळत्या पाण्यात आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात टिकले. त्याचे भावंड 'टीपीपीए-२' हे तीव्र कॉस्टिक सोड्यातही टिकले. टीपीपीए-१ च्या छिद्राची रुंदी दोन नॅनोमीटरहून थोडी कमी आहे, आणि त्याच्या एका ग्रॅमच्या आतील पृष्ठभाग पसरला तर तो पाचशे चौरस मीटरहून अधिक भरतो. आपल्या हिशेबाने चिमूटभर भुकटीत पाच गुंठे जमीन!

२०१३ साली याच गटाने आणखी एक गंमत दाखविली. ही जाळी तयार करण्यासाठी द्रावक आणि भट्टी लागतेच असे नाही. दोन्ही भुकट्या खलबत्त्यात घेऊन साध्या तापमानाला हाताने घोटल्या तरी जाळी तयार होते, आणि घोटता घोटता रंग पालटत जातो. आमच्या घरी मसाला कुटणाऱ्या बायांना हे सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

२०१४ साली पुण्याच्याच प्रयोगशाळेतून टीपीपीए-२ आणि कॅडमियम सल्फाइड यांच्या मिश्र उत्प्रेरकाची माहिती प्रसिद्ध झाली. कॅडमियम सल्फाइड दिसणारा प्रकाश शोषते, पण त्याचे कण गोळा होऊन बसतात आणि सुटलेले भार पुन्हा एकत्र येतात. त्याला जाळीचा आधार देताच, जाळीचे प्रमाण अवघे १ टक्का असतानाही, हायड्रोजन तयार होण्याचा वेग सुमारे दसपट झाला. त्याच वर्षी जर्मनीत बेटिना लोट्श यांच्या गटाने जाळी हीच प्रकाश शोषणारी ठेवून हायड्रोजन मिळवून दाखविला.

जोडीवर ताबा ठेवण्याचे उपाय

या सर्व कामांतून जे उपाय पुढे आले, ते थोडक्यात असे :

पहिला उपाय उताराचा. पाटाचे पाणी उताराकडे आपोआप जाते. जाळीत एक रेणू इलेक्ट्रॉन देणारा आणि त्याच्या शेजारचा घेणारा, अशी आलटून पालटून मांडणी केली की इलेक्ट्रॉन घेणाऱ्याकडे ओढला जातो, रिकामी जागा देणाऱ्याकडे राहते, आणि बंधन ढिले पडते.

दुसरा उपाय ओळीचा. पापुद्रे नीट एकावर एक बसले असतील तर ऊर्जा आणि भार सरळ खांबातून वरखाली जाऊ शकतात. रचना विस्कळीत असेल तर वाटेत खड्डे पडतात आणि जोडी तेथेच अडकून विझते. म्हणून आधी सांगितलेल्या कच्च्या टाक्याला इतके महत्त्व आहे.

तिसरा उपाय पाण्याचा. छिद्र असून उपयोग नाही, पाणी त्यात शिरले पाहिजे. म्हणून जाळीवर पाण्याची ओढ असलेले गट लावतात. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात अँड्र्यू कूपर यांच्या गटाने २०१८ साली सल्फोन नावाचे गट असलेली जाळी वापरून हायड्रोजन काढला. तिची छिद्रे पाण्याने सहज भिजत होती. शिवाय पाणी आत आले की दोन भारांच्या मधली ती जत्रेची गर्दीही काही प्रमाणात वाढते.

चौथा उपाय उतारपेठेचा. सुटलेला इलेक्ट्रॉन लगेच कोणीतरी उचलला पाहिजे. त्यासाठी प्लॅटिनमसारख्या धातूचे अतिसूक्ष्म कण जाळीवर बसवतात. तेथे इलेक्ट्रॉन जमतात आणि हायड्रोजन सुटतो. रिकाम्या जागेचेही कोणी तरी भागवावे लागते, म्हणून बहुतेक प्रयोगांत इलेक्ट्रॉन देणारा एखादा पदार्थ पाण्यात मिसळतात, आणि तो या कामी बळी जातो.

मात्र जोडी नेहमी तोडायचीच असते असे नाही. एक्सायटॉनचे दोन प्रकार आहेत. एक अल्पायुषी, त्याला सिंगलेट म्हणतात, आणि दुसरा पुष्कळ अधिक काळ टिकणारा, त्याला ट्रिप्लेट म्हणतात. ट्रिप्लेट जोडी न तुटता आपली सारी ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देऊ शकते. असा चेतलेला ऑक्सिजन फार आक्रमक असतो. तो पाण्यातील रंगद्रव्ये मोडतो, जंतू मारतो. म्हणजे हायड्रोजन हवा असेल तर जोडी फोडावी, आणि पाणी शुद्ध करायचे असेल तर कधी कधी ती अखंड ठेवून दीर्घायुषी करावी. एक्सायटॉनवरील ताबा तो हाच : कोणत्या कामासाठी काय करावे, हे रेणूच्या रचनेतच आधी ठरवून ठेवणे.

हे सारे केळीच्या पानात कोट्यवधी वर्षांपासून चालू आहे. पानात शेकडो हरितद्रव्याचे रेणू मिळून ऊर्जा गोळा करतात आणि हातोहात एका केंद्राकडे पोहोचवितात. तेथे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही काही हजारांश भागांत भार वेगळे होतात, आणि लगेच पुढच्या पुढच्या रेणूंकडे इतके दूर नेले जातात की परत फिरण्याची सोयच उरत नाही.

आपल्याला यातून काय मिळणार?

उद्याच आपल्या गच्चीवर हायड्रोजन तयार होईल, असे सांगणे खोटेपणाचे होईल. जपानमध्ये काझुनारी डोमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली तब्बल १०० चौरस मीटरचे पाणी-विघटनाचे फलक उघड्या उन्हात चालविल्याचे प्रसिद्ध केले. त्यांत जाळी नव्हती, धातूच्या ऑक्साइडचा उत्प्रेरक होता, आणि सूर्याच्या ऊर्जेपैकी अधिकात अधिक ०.७६ टक्के हायड्रोजनच्या रूपाने हाती आली. कार्बनी जाळ्या अजून मुख्यतः प्रयोगशाळेच्या काचपात्रातच आहेत. प्लॅटिनम महाग आहे, कॅडमियम विषारी आहे, आणि बळी जाणारा पदार्थ कायमचा पुरविणे परवडणारे नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. एक किलो हायड्रोजनसाठी किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते, आणि त्यातून सुमारे ३३ युनिट विजेइतकी ऊर्जा मिळते. हिशेब वाईट नाही. पण २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मराठवाड्यात नऊ लिटर हा आकडाही विचार करूनच उच्चारावा लागतो. माझ्या मते आपल्याकडे या शास्त्राचा पहिला उपयोग इंधनापेक्षा पाणी स्वच्छ करण्यासाठी व्हावा. आमच्याकडे ऊन भरपूर आहे आणि चांगले पाणी थोडे आहे. ऊन खर्चून पाणी वाचविणारे यंत्र येथे अधिक शोभेल.

हा विषय वाचताना एक गोष्ट माझ्या मनात राहिली. एक्सायटॉनजवळ ऊर्जा कमी नसते. त्याला वेळ आणि अंतर कमी पडते. दहा नॅनोमीटरच्या आत वाट सापडली तर काम होते, नाही तर त्याची नुसती उष्णता होते. आमच्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. माझ्याबरोबर दहावीला बसलेल्या, माझ्याहून हुशार अशा काही मुली आज शिकत नाहीत, कारण त्यांच्या गावापासून महाविद्यालय लांब होते आणि घरच्यांनी दिलेली मुदत थोडी होती. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी जोडीला दूर पळायला शिकविले नाही, त्यांनी तिच्या शेजारीच छिद्र ठेवले. शिक्षणाच्या बाबतीत हा विचार कोणी करावा, हे ठरविण्याचे काम मात्र रसायनशास्त्राचे नाही. ते आपले आहे.

जाता जाता एक विनंती. 'एक्सायटॉन'ला सर्वांच्या तोंडी बसेल असा मराठी शब्द अजून रूढ झालेला नाही. शब्द घडविणे हे तर कला शाखेचेच काम! मराठी विभागातील गुरुजनांनी आणि मित्रमैत्रिणींनी तो सुचवावा. आणि विज्ञान शाखेत शिकणाऱ्या अर्धापूरच्या एखाद्या मुलाने वा मुलीने पुढे ही जाळी स्वतः खलात घोटून पाहावी, आणि तिचा रंग पालटतो तो कसा, हे आपल्याला मराठीत लिहून कळवावे.